शनिवारच्या सामन्यासाठी सोडलेला व्हिसा

प्रिय इरा आणि नील,

तुमच्या डॅडला आम्ही इथे बहारीनला मुहर्रकच्या विमानतळावर सोडायला गेलो, तेव्हा त्याच्या दोन बॅगांपैकी एक मी भरलेली होती आणि एक तुमच्या आजोबांनी. माझ्या बॅगेत थर्मल, लोकरीचे मोजे, औषधं, कांदा-लसूण चटणीची बरणी आणि छोटा प्रेशर कुकर होता. आजोबांच्या बॅगेत फुटबॉलच्या बुटांचे दोन जोड, नडगीला बांधायचे गार्ड, हवा भरायचा पंप आणि एक जाडजूड टॉवेल. काउंटरवर वजन जास्त भरलं. मागे रांग होती, त्यामुळे निर्णय पटकन घ्यायचा होता. आजोबांनी माझी बॅग उघडली आणि कुकर बाहेर काढला.

"कुकर तिकडं मिळतोय," ते म्हणाले.

"बूटही मिळतात तिकडे," मी म्हटलं.

"पायाला बसलेला बूट कुठल्या दुकानात मिळतोय?"

अभय, म्हणजे तुमचा डॅड, मध्ये पडला नाही. तो फक्त हसत होता. तेव्हा तो जेमतेम मिशी फुटलेला मुलगा होता आणि स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला इंजिनिअरिंग शिकायला चालला होता. निदान मला तरी तसंच वाटत होतं. पुलावरून परत येताना कुकर माझ्या मांडीवर होता. सनद या आमच्या वस्तीतल्या घरी पोहोचल्यावर मी तो पुन्हा ओट्यावर ठेवला.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण नील आहे. डॅडचा शेवटचा सामना झाला, क्लबने त्याला फ्रेममध्ये घातलेली जर्सी दिली, सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्या गर्दीतून तू मला फोन केलास, "आजी, व्हेअर डिड डॅड लर्न टु स्कोअर लाइक दॅट?" मी फोनवर नीट उत्तर देऊ शकले नाही. तुम्हाला मराठी समजतं पण वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. डॅडकडून वाचून घ्या. जिथे तो वाचता वाचता थांबेल, तिथे घाई करू नका.

तो शिकला सनदमध्ये, आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर. आता तिथे दुकानं आहेत आणि त्यांच्यापुढे गाड्या उभ्या असतात. तेव्हा नुसती वाळू होती, खडे आणि शिंपल्यांचे तुकडे मिसळलेली. आजोबा सित्राच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात मेन्टेनन्समध्ये सुपरवायझर होते. त्यांच्या वेल्डरांनी भंगारातल्या पाइपांचे दोन गोलपोस्ट करून दिले. शेजारच्या अबू जासिमने आपल्या घरची मासे धरायची जुनी जाळी दिली. सुट्टीच्या सकाळी तिथे त्याची मुलं, आमचा अभय, दोन-तीन मल्याळी, एक पेशावरचा, असे सगळे जमायचे. चार भाषांत भांडायचे आणि "यल्ला, यल्ला" म्हणत पुन्हा खेळायचे.

वाळूत चेंडू घरंगळत नाही आणि खड्यावर पडला की कुठेही उडतो. म्हणून आजोबांनी त्याला एकच गोष्ट शिकवली: चेंडू आपल्याकडे येईल अशी वाट बघायची नाही, तो जमिनीला लागायच्या आत आपण जाऊन मारायचा. अभयचा डावा पाय कच्चा होता. आजोबांनी काय करावं? त्याला फक्त डाव्या पायात बूट घालायला लावला आणि उजवा अनवाणी ठेवला. उजव्याने मारलं की खडे टोचायचे. महिन्याभरात पोरगा डाव्याने मारायला लागला. मी खिडकीतून ओरडायचे, "अहो, पाय फाटेल त्याचा!" आजोबा खालून म्हणायचे, "फाटू दे की. दुसरा तयार होतोय न्हवं!"

आजोबांना हे कुठून येत होतं, ते सांगायला हवं. मी पुण्याची. आमच्या घरी खेळ म्हणजे संध्याकाळचं बॅडमिंटन. लग्न होऊन कोल्हापुरात गेले तेव्हा पहिल्यांदा कळलं की एखादं गाव फुटबॉलवरून दोन-दोन दिवस जेवण विसरू शकतं. तिथे प्रत्येक पेठेची तालीम असते आणि तालमीचा फुटबॉल संघ असतो. ज्या पेठेत तुम्ही वाढलात, त्या पेठेसाठी तुम्ही खेळता. एखादा चांगला खेळाडू दुसऱ्या तालमीकडून उतरला तर त्याची चर्चा चहाच्या गाड्यावर वर्षानुवर्षं चालते. आजोबा आपल्या पेठेचे फॉरवर्ड होते. बहारीनच्या नोकरीची मुलाखत आणि मेडिकल नेमकं त्यांच्या संघाच्या फायनलच्या दिवशी मुंबईत निघालं. ते मुंबईला गेले. पेठ हरली.

अजूनही आम्ही सुट्टीला कोल्हापूरला गेलो की कुणीतरी गाड्यावरून हाक मारतंच, "आलं बघा, फायनल सोडून दुबईला गेलेलं!"

"दुबई न्हवं रं, बहारीन," आजोबा म्हणतात.

"तेच की. पेठ सोडली न्हवं?"

सगळे हसतात, आजोबाही हसतात आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देतात. मी हे इतकी वर्षं पाहत आले. तो फक्त थट्टेचा भाग आहे असंच मला वाटायचं.

आता तुमच्या गावाकडे येते. अभयला शिक्षणाचा भाग म्हणून काही महिने तुमच्या बंदरावर काम करायचं होतं. राहायला जागा मिळाली मिसेस मॅके यांच्याकडे. तुम्ही तिला नॅन मॅके म्हणता. आता ती थकली आहे, पण तेव्हा सामन्याच्या दिवशी गावच्या फुटबॉल क्लबच्या स्वयंपाकघरात चहा, सूप आणि सँडविचचा सगळा कारभार तिच्याकडे होता. तिने अभयची बॅग उघडी पाहिली, त्यात पुस्तकांच्या वर बूट पाहिले आणि मंगळवारी संध्याकाळी त्याला हाताला धरून प्रॅक्टिसला नेलं. या बाबतीत आजोबांची बॅग जिंकली, हे मी मान्य करते.

त्या क्लबमध्ये सगळे दिवसभर काम करणारे लोक होते. गोलकीपर पोस्टमन, कॅप्टन मासेमारीच्या बोटीवर, मधल्या फळीत शाळेतले गणिताचे सर. आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. मैदान समुद्राकडे उतरतं, तुम्हाला माहीतच आहे. वारा सुटला की हवेतला चेंडू कुठे पडेल ते सांगता येत नाही. बाकीचे खेळाडू तो पडायची वाट बघायचे. अभय बघायचा नाही. सनदच्या वाळूने त्याला जे शिकवलं होतं, तेच तुमच्या गावच्या वाऱ्याने मागितलं.

विद्यार्थ्याच्या व्हिसावर पैसे घेऊन खेळता येत नव्हतं, म्हणून तो हौशी म्हणून खेळायचा, प्रवासखर्चाचाही पैसा घ्यायचा नाही. बहारीनहून आलाय म्हणजे घरी तेलाच्या विहिरी असणार, अशी लोकांची समजूत झाली. त्यांनी त्याला 'शेख' म्हणायला सुरुवात केली. त्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा आजोबा हसून हसून लाल झाले. "त्यांना सांग, बाप सित्रात पाइप पुसतोय," म्हणाले.

पण एक गोष्ट होती, आणि ती माझ्या डोक्यातून कधी जात नसे.

अभयचा जन्म बहारीनचा. शाळा इथली, मित्र इथले, पहिला दात पडला तो इथे. पण इथे जन्मलं म्हणजे इथलं झालं, असं नसतं. आम्ही सगळे व्हिसावर राहणारे. अभयचा व्हिसा वडिलांच्या नावावर होता. आणि आखातात राहणाऱ्या प्रत्येक आईला एक नियम पाठ असतो: सहा महिन्यांच्या आत परत येऊन शिक्का मारला नाही, तर व्हिसा पडतो, म्हणजे रद्द होतो. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या आया दिवाळी किंवा वाढदिवस बघून तिकिटं काढत नाहीत. त्या सहा महिने मोजून काढतात. चार दिवसांसाठी का होईना, मूल येतं, शिक्का मारतं, आईच्या हातचं जेवतं आणि परत जातं. मी शिकवायचे त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकींना विचारायचो, "तुझ्याचा कधी पडतोय?" नवख्या माणसाला वाटावं, मूलच कुठून तरी पडणार आहे.

तो शेवटच्या वर्षाला होता, आणि बंदरावरचं काम संपलं तरी अ‍ॅबरडीनहून सामन्यांसाठी तुमच्या गावी येत होता. वयही असं झालं होतं की एकदा व्हिसा पडला, तर वडिलांच्या नावावर पुन्हा लागणार नव्हता. मी नेहमीप्रमाणे सगळं नीट बसवलं होतं. फुटबॉलचा हंगाम संपेल, मग पाच दिवस सोडून त्याचं विमान, आणि मुदतीआधी तो घरी. पण त्या हिवाळ्यात तुमच्याकडे मैदान पुन्हा पुन्हा गोठलं. सामने पुढे ढकलले गेले. ढकलत ढकलत शेवटचा सामना येऊन पडला तो नेमका मुदतीच्या शनिवारी. आणि तो साधा सामना नव्हता. हरले तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता.

गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं.

"आई, तिकीट पुढे नाही का जाणार?"

"तिकीट जाईल. व्हिसा नाही जाणार. शनिवारी मध्यरात्री संपतोय."

"मॅच पाचला संपेल."

"मग इथे कधी पोचशील? रविवारी. रविवारी तू इथला राहणार नाहीस, अभय."

तो म्हणाला, "दुसरा फॉरवर्ड नाहीये, आई. कॉलिनचा खांदा मोडलाय. मी नसलो तर गणिताच्या सरांना पुढे उभं करतील."

"करू देत. सामने पुन्हा येतील. हे घर पुन्हा मिळणार नाही."

मी हे रागाने बोलले नाही. मी घाबरले होते. मला दिसत होतं की यापुढे त्याला आपल्याच घरी यायचं तर कुणाची तरी परवानगी मागावी लागेल. आपण आपल्या हाताने त्याला घराबाहेर काढतोय, असं मला वाटत होतं.

आजोबा जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं, उष्ट्या हाताने फोन घेतला.

"कोण कोण हाय पुढं खेळायला?"

"मीच आहे, बाबा."

"मग कुणाला इचारायलास? पेठेचा सामना टाकून कोण घरला जेवाय येतं व्हय?"

आणि फोन माझ्या हातात देऊन ते नळावर हात धुवायला गेले. बराच वेळ पाणी वाहत होतं. तेव्हा मला कळलं की चहाच्या गाड्यावरची ती थट्टा त्यांच्यासाठी कधीच नुसती थट्टा नव्हती. मग मी अभयला म्हणाले, "तिकीट कॅन्सल करते. नीट जेव. आणि सामन्याआधी ते थंड सँडविच नको, गरम काहीतरी खा."

शनिवारी मी त्याच्या खोलीतल्या चादरी बदलल्या. तो येणार नव्हता, तरी बदलल्या. संध्याकाळी मिसेस मॅकेचा फोन आला. मी आयुष्यभर शाळेत इंग्लिश शिकवलं, पण ती इतक्या आनंदात आणि इतक्या घाईने बोलत होती की मला दोन शब्दही कळेनात. मागे माणसं गात होती. शेवटी कुणीतरी फोन अभयकडे दिला.

"आई, राहिलो आपण! एक-शून्य!"

आजोबांनी फोन हिसकावला. "कुठल्या पायानं?"

"डाव्या."

आजोबा खाली बसले. त्या रात्री व्हिसा पडला. बाहेर काहीच झालं नाही, एसी नेहमीसारखा घरघरत होता, आणि आपलं कुणीतरी सीमेपलीकडे गेलं आहे हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

त्यानंतरचं तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे. त्याच बंदरावर त्याला नोकरी लागली, क्लबमध्ये तो रीतसर खेळाडू झाला, तुमची आई भेटली. मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबने एकदा बोलावलं होतं. त्याने विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. लोकांनी कारण विचारलं तर म्हणे, "माझे बाबा ऐकणार नाहीत." लोकांना वाटलं, वडील फार कडक असतील. खरं तर वडिलांना त्याने विचारलंही नव्हतं. असा वर्षामागून वर्षं तो एकाच क्लबसाठी गोल मारत राहिला, आणि एका पावसाळी दुपारी क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त गोल त्याच्या नावावर झाले.

तेव्हा आम्ही दोघं तिथे होतो, अंगावर असतील तेवढे स्वेटर घालून. आधीचा विक्रम ज्यांचा होता, ते बेकरीवाले गृहस्थ कधीच वारले होते. क्लबच्या भिंतीवर त्यांचा जुना फोटो आहे. त्यांचा नातू सामना संपल्यावर आमच्याकडे आला. चांगला धिप्पाड माणूस, डोळे ओले. आजोबांचा हात हातात घेऊन म्हणाला, "आमच्या आजोबांचा विक्रम मोडायला एवढ्या लांबून यायची गरज होती का?"

तुमचे आजोबा त्यांच्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "यू ऑल्सो कम टु कोल्हापूर. ब्रेक समबडीज."

तो माणूस इतका हसला की त्याने आजोबांना उचललंच. मिसेस मॅकेने आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन सूप दिलं. माझा हात धरून ती बसून राहिली. या बाईने माझ्या मुलाला परक्या गावात गरम जेवायला घातलं, त्याचे चिखलाचे कपडे धुतले. तिचे आभार मानायचे होते मला. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. तिने त्यांवर जॅम लावून खाल्ल्या. मी तिला आणखी एक वाढली.

पण माझं मधलं एक सांगायचं राहिलं, आणि तेच मला सांगायचं होतं. व्हिसा पडल्यानंतर अभय पहिल्यांदा इथे आला तो व्हिजिटर म्हणून. विमानतळावर तो आयुष्यात पहिल्यांदा व्हिजिटरच्या रांगेत उभा राहिला. अधिकाऱ्याने विचारलं, कुठे उतरणार? अभय म्हणाला, घरी. अधिकाऱ्याने पुन्हा पासपोर्ट पाहिला. व्हिजिट व्हिसा, आणि घरी? तेव्हा अभयने त्याला आपल्या सनदच्या अरबीत सांगितलं, घर कुठल्या गल्लीत आहे, कोपऱ्यावर खुब्जच्या रोट्या भाजणारा कोण आहे आणि अबू जासिमच्या घराचं दार कुठल्या रंगाचं आहे. तो अधिकारी हसायला लागला. "यल्ला, जा घरी," म्हणाला, "आई वाट बघत असेल."

मी बघतच होते. आणि मी काय केलं होतं? नकळत कपाटातले चांगले कप काढून ठेवले होते, बाथरूममध्ये नवा टॉवेल लावला होता, सोफ्यावरचं कव्हर बदललं होतं. अभय आला, बूट दारात काढले, सरळ फ्रिज उघडला आणि कालची आमटी पातेल्यातून तशीच प्यायला. मग टेबलावरचे कप बघून म्हणाला, "आई, कुणी पाहुणे येणार आहेत का?"

मी कप पुन्हा कपाटात ठेवले. त्या दिवशी माझी भीती गेली.

आता मला लोक विचारतात, तुम्ही परत कधी जाणार? परत म्हणजे कुठे, ते विचारणाऱ्यावर अवलंबून असतं. माझे पुण्यातले भाऊ म्हणतात पुण्याला या, आजोबांचे मित्र म्हणतात कोल्हापूरला या, तुमची आई म्हणते बंदराजवळ छान घर आहे. आम्ही रिटायर झालो तरी अजून इथेच आहोत, दर वेळी व्हिसा रिन्यू करून. या देशाने आम्हाला आपलं म्हटलं नाही, पण इतकी वर्षं प्रेमाने ठेवून घेतलं, काम दिलं, वाळूचं मैदान दिलं. मला तक्रार नाही. कागद कुठला हे मी आता बघत नाही. ज्या माणसांकडे जाताना काही कारण लागत नाही, त्यांना मी घर म्हणते.

हे मला कधी कळलं, सांगू? तुमचा डॅड इतकी वर्षं दर शनिवारी सामना संपला की फोन करायचा. आजोबा गोलाबद्दल विचारायचे, मी दुखापतीबद्दल, आणि पाच मिनिटांत बोलणं संपायचं. त्याचा शेवटचा सामना होऊन गेला आणि त्यानंतरचा पहिला शनिवार आला. मी भाजी निवडत होते. आजोबा उगाचच पेपर उलटसुलट करत होते. आम्ही दोघंही घड्याळाकडे बघत नव्हतो. आणि नेहमीच्या वेळी फोन वाजला.

"बाबा," अभय म्हणाला, "आज काही सांगायला नाहीये. मॅचच नव्हती."

"मग बोल की," आजोबा म्हणाले.

तो तासभर बोलला. तुमच्या छपराची गळती, इराचा दात, बंदरावर आलेलं नवं जहाज, वांग्याचं भरीत तिकडच्या वांग्यांचं का बिघडतं. मागे तुम्ही दोघं कशावरून तरी भांडत होतात, तेही आम्ही सगळं ऐकलं.

तुमची,
आजी